“म्हणजे आमच्या बाळावर प्रयोग करणार का?” हार्मोनच्या आजारांवरचं संशोधन, सोप्या भाषेत

इंदूरच्या मराठी घरात हार्मोनचा जन्मजात आजार असलेलं मूल असेल आणि डॉक्टरांनी ‘संशोधन’ हा शब्द काढला, की पहिला प्रश्न हाच येतो. बहुतेक वेळा तो आजी विचारते, आणि तिचं काही चुकत नाही. या शहराने औषधचाचण्यांचे वाईट दिवस पाहिले आहेत. रुग्णांना नीट न सांगताच सह्या घेतल्याच्या तक्रारी इथे झाल्या, वर्तमानपत्रांत गाजल्या. इथल्याच स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. त्या सुनावण्यांच्या काळातच, २०१३ मध्ये, देशभरातल्या चाचण्यांचे नियम बदलले. नुकसानभरपाई, संमती घेतानाचं रेकॉर्डिंग या गोष्टी तेव्हा सक्तीच्या झाल्या, आणि २०१९ च्या नव्या नियमावलीत त्या पक्क्या झाल्या.

मी लॅबमध्ये काम करते. रिपोर्ट हातात घेऊन काउंटरशी थांबलेल्या आईबापांशी बोलणं हा माझ्या कामाचाच भाग झाला आहे. त्यांना जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे. भीती खरी आहे, तिला कारणही आहे. पण भीतीपोटी पाठ फिरवली तर नुकसान या मुलांचंच होतं, कारण आज त्यांना मिळणारा जवळजवळ प्रत्येक उपचार आधीच्या कुणा रुग्णाच्या सहभागातून आलेला आहे. तेव्हा नेमकं काय चालतं ते समजून घ्यावं, आणि मग हो किंवा नाही म्हणावं.

आधी आजार

थायरॉइड, ॲड्रिनल, पिट्युटरी या ग्रंथींचे जन्मजात आजार पुष्कळ आहेत. मी एकाच आजारावर जास्त बोलणार आहे, कारण तो कळला की बाकीच्यांतलं संशोधन कळायला सोपं जातं. काँजेनायटल ॲड्रिनल हायपरप्लेजिया हे त्याचं लांबलचक वैद्यकीय नाव कुणी घेत नाही. डॉक्टर आणि पालक दोघेही सीएएच म्हणतात.

आपल्या दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर एकेक छोटी ॲड्रिनल ग्रंथी असते. ती कॉर्टिसॉल बनवते. ताप, उलट्या, अपघात, ऑपरेशन अशा वेळी रक्तदाब आणि साखर सांभाळून माणसाला तगवणारं हार्मोन ते हेच. तीच ग्रंथी अल्डोस्टेरॉन बनवते, त्यामुळे शरीरातलं मीठ लघवीवाटे वाहून जात नाही. शिवाय थोडी पुरुषी हार्मोन्सही तिथे तयार होतात, मुलींमध्येसुद्धा. सीएएचच्या दहातल्या नऊहून जास्त रुग्णांमध्ये २१-हायड्रॉक्सिलेज नावाचं एक एन्झाइम कमी असतं किंवा नसतंच. त्यामुळे पहिली दोन हार्मोन्स बनत नाहीत.

इंदूरकरांना हे नर्मदेच्या पाण्यावरून चटकन कळेल. जलूदहून पंप चालू आहे, पण आपल्या गल्लीचा व्हॉल्व्ह बिघडून बंद पडला आहे. नळाला पाणी नाही म्हणून तक्रारी वाढतात, म्हणून तिकडून पंप आणखी जोरात चालवतात, आणि सगळं पाणी शेजारच्या गल्लीत जाऊन रस्त्यावर वाहायला लागतं. इथे पंप म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी, आपला कोरडा नळ म्हणजे कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरॉन, आणि शेजारची गल्ली म्हणजे पुरुषी हार्मोन्स. आजाराची जवळजवळ सगळी लक्षणं यातूनच येतात. मुलगी पोटात असतानाच पुरुषी हार्मोन्स जास्त झाल्याने तिचे बाहेरचे जननावयव वेगळे दिसू शकतात. गर्भाशय आणि बीजकोश मात्र तिचे व्यवस्थित असतात. मुलगा जन्मतः अगदी निरोगी दिसतो, आणि म्हणूनच तो निसटतो.

निसटतो म्हणजे काय ते सांगते. पहिला आठवडा बाळ बरं असतं. दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे घरात बारशाची तयारी चाललेली असते त्या सुमारास, ते दूध कमी ओढायला लागतं, उलट्या करतं, वजन वाढायच्या ऐवजी उतरतं, मलूल होतं. घरात म्हणतात नजर लागली, गुटी बंद करा, आईने खाल्लेलं बाधलं. दवाखान्यातही कधी जुलाब-उलट्यांचा तर कधी जंतुसंसर्गाचा संशय घेतला जातो. रक्तात सोडियम खाली गेलेलं आणि पोटॅशियम वर चढलेलं दिसलं तर अनुभवी डॉक्टर ओळखतात. नाही ओळखलं तर बाळ जातं. आपल्याकडे अशी किती बाळं निदानाशिवाय गेली असतील या विचाराने मला आजही अस्वस्थ होतं.

आजार आनुवंशिक आहे, पण ‘घराण्यात कुणाला नाही’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येतं आणि ते खरंही असतं. आई आणि बाबा दोघांकडे बिघडलेल्या जनुकाची एकेक प्रत असते, दुसरी प्रत चांगली असते, म्हणून दोघेही ठणठणीत असतात. जगभरातला ढोबळ अंदाज असा की साठेक माणसांमागे एक जण असा वाहक असतो. दोन वाहकांच्या प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. पहिल्याला झाला म्हणून दुसऱ्याला होणार नाही असं काही नाही. नात्यात लग्न झालेलं असेल तर शक्यता वाढते. आपल्यात मामाच्या मुलीशी लग्नं होत आली आहेत, म्हणून हे स्पष्ट लिहिलं. आणि सुनेला दोष देणाऱ्यांसाठी एवढंच: एक प्रत तिची असते, दुसरी तुमच्या मुलाची.

टाचेतले चार थेंब

आता ज्याला लोक ‘प्रयोग’ म्हणतात त्याकडे येऊ. संशोधनाचा सगळ्यात मोठा हिस्सा औषधांचा नसतोच. मोजणं, नोंदवणं आणि वर्षानुवर्षं बघत राहणं हे त्याचं मुख्य काम.

नवजात बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन ते गाळणकागदावर टिपायची पद्धत अमेरिकेतल्या रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एका वेगळ्याच आजारासाठी बसवली. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये जाँ द्यूसो यांनी १९७० च्या दशकात तीच पद्धत जन्मजात थायरॉइडच्या कमतरतेसाठी वापरली. १९७७ मध्ये सॉंगया पांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच कागदावरच्या रक्तातून सीएएच ओळखायची रीत प्रसिद्ध केली. या तिघांच्याही कामात हजारो आयांनी बाळाची टाच पुढे केली, तेव्हा ते ‘संशोधन’च होतं. आज अनेक देशांत ती जन्मानंतरची नेहमीची तपासणी आहे.

हे काम हाताने कसं होतं ते एकदा बघाच. बाळाचा पाय कोमट कपड्याने शेकून गरम करतात. टाचेच्या मधोमध नाही, बाहेरच्या कडेला टोचतात, कारण मध्ये हाड जवळ असतं. पहिला थेंब कापसाने पुसून टाकतात. पुढचा मोठा थेंब कार्डावरच्या छापील वर्तुळात एकदाच टेकवतात. रक्त कागदाच्या मागच्या बाजूला उतरलं पाहिजे. एकावर एक थेंब दिले की नमुना बाद. बोट लागलं तरी बाद. मग कार्ड आडवं ठेवून तीन-चार तास सावलीत वाळवतात. इंदूरच्या मे महिन्यात कुणी घाईने ते उन्हात ठेवलं की आम्हाला पुन्हा नमुना मागवावा लागतो, आणि तेवढ्यात आई-बाळ गावी गेलेले असतात. लॅबमध्ये त्या डागातून जेमतेम तीन मिलिमीटरचा ठिपका काढतात. एका ठिपक्यात टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं पिट्युटरीचं हार्मोन, थायरॉइड कमी पडलं की तो वाढतो) कळतो, दुसऱ्यात १७-ओएचपी, म्हणजे बंद व्हॉल्व्हच्या अलीकडे तुंबलेलं द्रव्य.

रक्त ४८ तासांनंतर घेतलेलं चांगलं. जन्मल्या-जन्मल्या प्रत्येक बाळाचा टीएसएच उसळलेला असतो, लवकर घेतलं तर निरोगी बाळही आजारी दिसतं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांत १७-ओएचपी उगाचच जास्त येतं. म्हणून पहिला रिपोर्ट ‘जास्त’ आला म्हणजे आजार नक्की झाला असं समजू नका, आणि दुसरी तपासणी टाळूही नका. या दोन्ही चुका मी रोज बघते.

आपल्या देशाचे आकडे कुठून आले? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने दिल्ली, मुंबई, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकाता इथे एक लाखाहून जास्त नवजात बाळांची तपासणी केली. जन्मजात थायरॉइडची कमतरता ११३० बाळांमागे एक निघाली, आणि सीएएच ५७६२ मागे एक. जगाचा अंदाज सीएएचसाठी साधारण पंधरा हजारांमागे एक असा सांगतात. म्हणजे हा आजार आपल्याकडे, निदान या पाच शहरांत तरी, बराच जास्त आहे. ज्या आयांनी त्या अभ्यासात ‘हो’ म्हटलं त्यांच्यापैकी बहुतेकींची बाळं निरोगी होती, त्यांना स्वतःला त्यातून काही मिळालं नाही. पण आज एखादा डॉक्टर सरकारसमोर ‘ही तपासणी सगळीकडे करा’ असं म्हणतो तेव्हा तो याच आकड्यांवर उभा राहून बोलतो. देशभर सक्तीची अशी तपासणी अजून नाही. गोवा, केरळ अशा काही ठिकाणी सरकारी पातळीवर काम झालं. बाकी ठिकाणी, इंदूरमध्येसुद्धा, बाळंतपणाच्या आधीच स्त्रीरोगतज्ज्ञाला विचारून ठेवावं लागतं. माझं मत विचाराल तर बारशाच्या हॉलचं बुकिंग करण्याआधी हे विचारा.

जन्मजात थायरॉइडबद्दल एकच गोष्ट, पण ठळक. पहिल्या दोन आठवड्यांत लिव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडच्या हार्मोनची गोळी, सुरू झालं तर बाळाचा मेंदू नीट वाढतो. उशीर झाला तर जे नुकसान होतं ते नंतर कितीही गोळ्या दिल्या तरी भरून येत नाही.

मिठाचं भांडण आणि पाव गोळी

सीएएचचा उपचार ऐकायला सोपा आहे. बनत नाही ते हार्मोन बाहेरून द्या. १९५० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये लॉसन विल्किन्स यांनी कॉर्टिसोन देऊन पाहिलं आणि या आजाराचा इतिहासच बदलला. आज मुलांना हायड्रोकॉर्टिसोन (म्हणजे गोळीतलं कॉर्टिसॉलच) देतात, मीठ धरून ठेवण्यासाठी फ्लुड्रोकॉर्टिसोन, आणि तान्ह्या बाळांना शिवाय चक्क मीठ, दिवसाला एक ते दोन ग्रॅम, दुधाच्या वेळांत वाटून.

इथे घरोघरी भांडण होतं. वर्षाच्या आत बाळाला मीठ द्यायचं नाही हे आपल्या आज्यांना ठाऊक आहे, आणि निरोगी बाळासाठी ते बरोबरच आहे. रामबागेतल्या एका घरी मी हे पाहिलं आहे. सून डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मोजून मिठाचं पाणी तयार करायची आणि सासूबाई ते ओतून द्यायच्या, प्रेमापोटीच. शेवटी सोडियमचे दोन रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून दाखवले, मीठ चालू असतानाचा आणि बंद असतानाचा. आता मिठाची बाटली सासूबाईच भरतात.

त्याच घरात सकाळी सहाला गोळी कशी देतात तेही पाहिलं. दहा मिलिग्रॅमची गोळी, बाळाला लागते पाव. आई स्टीलच्या ताटलीत ब्लेडने तिचे चार तुकडे करते. एक मोठा होतो, एक लहान, आणि मधला चुरा ताटलीला चिकटून राहतो. पाण्यात कालवून सिरिंजने द्यावं, तर हायड्रोकॉर्टिसोन पाण्यात नीट विरघळत नाही, तळाशी बसतं. म्हणजे बाळाला आज जास्त, उद्या कमी. डोस सतत जास्त झाला तर उंची खुंटते, वजन वाढतं. कमी झाला तर पुरुषी हार्मोन्स वाढतात, हाडं वयाच्या आधी पिकतात, आणि शेवटी पुन्हा उंचीच कमी राहते.

आता लक्षात येईल की संशोधन नेमकं कशावर चालतं. युरोपात ०.५ मिलिग्रॅमपासूनचे हायड्रोकॉर्टिसोनचे दाणे बनवले, ते सहा वर्षांच्या आतल्या फक्त २४ मुलांना देऊन तासाभराने रक्तातलं कॉर्टिसॉल मोजलं, आणि ते पुरेसं वाढतं हे दाखवलं. २०१८ मध्ये युरोपने ते दाणे मान्य केले. चोवीस मुलं! दुर्मिळ आजारात संशोधनाची संख्या एवढीच असते, म्हणून तिथे एकेका कुटुंबाच्या ‘हो’ला वजन असतं.

सगळ्याच चाचण्या अशा सरळ जात नाहीत. निरोगी माणसात कॉर्टिसॉल पहाटे दोन-तीनपासून चढायला लागतं आणि उठायच्या सुमारास टोकाला असतं. गोळी घेणाऱ्याच्या अंगात नेमकं त्याच वेळी औषध संपलेलं असतं. म्हणून रात्री घेतली की पहाटे काम करेल अशी कॅप्सूल बनवली आणि १२२ प्रौढांमध्ये सहा महिने तिची तुलना नेहमीच्या उपचाराशी केली. चाचणी सुरू करताना जे मुख्य मोजमाप ठरवलं होतं, त्यात दोन गटांत ठोस फरक दिसला नाही. सकाळच्या वेळचं नियंत्रण मात्र सुधारलेलं होतं, आणि युरोपात २०२१ मध्ये ती मान्यही झाली. ‘मुख्य मोजमाप’ आधीच लिहून ठेवायची सक्ती का असते ते यातून कळतं. चाचणी संपल्यावर शंभर आकड्यांतून चांगला दिसणारा एखादा निवडायची मुभा असती, तर प्रत्येक औषध यशस्वी ठरलं असतं.

साखरेची गोळी आणि टीएसएचची चिंता

पालकांना सगळ्यात जास्त खटकतं ते प्लासिबो, म्हणजे औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी. “आमच्या मुलाला खोटी गोळी देऊन बघत बसणार?”

आधी प्लासिबो का लागतो ते पाहू, आणि त्यासाठी मुलं सोडून आपल्या आई-आत्यांकडे वळू. वय सत्तर, टीएसएच थोडा वाढलेला, टी-फोर (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) नॉर्मल, तक्रार थकव्याची. इंदूरमध्ये असा रिपोर्ट प्रत्येक दुसऱ्या घरात सापडेल. गोळी सुरू होते आणि दोन महिन्यांनी आत्या म्हणतात, बरं वाटतंय. गोळीने वाटलं, की कुणीतरी लक्ष दिलं म्हणून, की ऋतू बदलला म्हणून? युरोपात पासष्टीच्या पुढच्या अशाच ७३७ जणांना चिठ्ठी टाकल्यासारखं दोन गटांत विभागलं, निम्म्यांना लिव्होथायरॉक्सिन, निम्म्यांना प्लासिबो. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नव्हतं आणि डॉक्टरलाही नाही. वर्षभराने थकवा आणि इतर तक्रारी दोन्ही गटांत सारख्याच होत्या. हा निकाल २०१७ मध्ये आला. प्लासिबोचा गट नसता तर ‘गोळीने सगळ्यांना बरं वाटलं’ असाच निष्कर्ष निघाला असता. (हे सौम्य बिघाडाबद्दल आहे. टी-फोर खरोखर कमी असेल, थायरॉइड काढलेलं असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर गोळी कुणाच्या लेखावरून बंद करायची नाही.)

आता मुलांकडे. सीएएचवर क्रिनेसरफॉन्ट नावाचं नवं औषध आलं. पंपाला ‘आणखी जोरात चालव’ असा हुकूम मेंदूतून जातो, ते औषध तो हुकूमच अडवतं. २०२४ मध्ये त्याच्या दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या, एक १८२ प्रौढांची, दुसरी १०३ मुलांची. तीनातल्या दोघांना औषध, एकाला प्लासिबो. मात्र हायड्रोकॉर्टिसोनसारखा स्टेरॉइडचा उपचार दोन्ही गटांत चालूच होता. तो थांबवणं म्हणजे मुलाचा जीव धोक्यात घालणं, आणि चाचण्यांना मंजुरी देणारी कुठलीही नैतिकता समिती त्याला परवानगी देणार नाही. नवी गोळी चालू उपचाराच्या वर जोडली होती, आणि ठरलेला काळ संपल्यावर प्लासिबो गटालाही खरं औषध मिळालं. मुलांच्या चाचणीत २८ आठवड्यांनी औषधाच्या गटातला स्टेरॉइडचा डोस १८ टक्क्यांनी उतरला, तर प्लासिबो गटात तो साडेपाच टक्क्यांच्या आसपास वाढला. पुरुषी हार्मोन्सही आटोक्यात राहिले. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने चार वर्षांवरच्या रुग्णांसाठी औषध मंजूर केलं.

मला हा निकाल महत्त्वाचा वाटतो, पण तो नीट वाचायला हवा. डोस कमी झाला हे कळलं. त्या मुलांची मोठेपणीची उंची वाढेल का, हाडं मजबूत राहतील का, पुढे मूलबाळ होण्यात अडचण कमी येईल का, हे २८ आठवड्यांत कळूच शकत नाही. त्यासाठी तीच मुलं पंधरा-वीस वर्षं तपासायला येत राहावी लागतात.

असं नुसतं बघत राहण्यातूनही मोठे शोध लागतात. अमेरिकेत बेथेस्डा इथे राष्ट्रीय आरोग्य संस्थेत सीएएचच्या रुग्णांचा अनेक वर्षं पाठपुरावा चालू आहे. तिथे लक्षात आलं की काही रुग्णांचे सांधे फार सैल आहेत, वारंवार निखळतात. शोध घेतल्यावर कळलं की २१-हायड्रॉक्सिलेजच्या जनुकाला लागूनच सांध्यांच्या ऊतींसाठी लागणारं दुसरं जनुक आहे, आणि काहींमध्ये बिघाड त्याच्यापर्यंत पसरलेला आहे. अशा रुग्णांचं हृदयही तपासावं लागतं. सांध्यांचं दुखणं आणि ॲड्रिनल यांचा संबंध असू शकतो हे त्याआधी फारसं कुणाच्या ध्यानात नव्हतं.

आठातलं एक

संशोधनात ‘थांबा’ म्हणणंही येतं, आणि त्याचं उदाहरण याच आजारात आहे. पहिलं मूल सीएएचचं असलेल्या आईला पुन्हा दिवस गेले, तर गर्भातल्या मुलीचे अवयव वेगळे वाढू नयेत म्हणून आईला डेक्सामेथासोन द्यायची कल्पना निघाली. परिणाम व्हायचा तर ते सहाव्या-सातव्या आठवड्यापासून द्यावं लागतं, तेव्हा गर्भ मुलगा की मुलगी, आजारी की निरोगी, यातलं काहीच माहीत नसायचं. हिशोब करा. आजार असण्याची शक्यता चारात एक, त्यात मुलगी असण्याची निम्मी. म्हणजे आठ गर्भांतल्या एकालाच फायदा, आणि उरलेल्या सात जणांच्या वाढत्या मेंदूवर विनाकारण तीव्र स्टेरॉइड. स्वीडनमध्ये अशा मुलांची पुढे तपासणी केली तेव्हा चिंता वाटावी असे निष्कर्ष दिसले आणि तिथल्या डॉक्टरांनी नवी नोंदणी थांबवली. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही या उपचाराला प्रायोगिकच मानतात. मंजूर अभ्यासाच्या बाहेर तो देऊ नये, असं त्या सांगतात. तुम्हाला कुणी नेहमीचा उपचार म्हणून हे औषध सुचवलं, तर दुसरा सल्ला घ्या, त्यासाठी अवंतिका एक्स्प्रेसने रातोरात मुंबई गाठावी लागली तरी.

सहीच्या आधी

आता तुमच्यासमोर कागद आला आहे असं धरू. पहिली गोष्ट, तो घरी न्यायला मागा. इंदूरमध्ये फॉर्म बहुधा हिंदी किंवा इंग्रजीत येतो. घरात निर्णय घेणारं माणूस मराठीच नीट वाचत असेल तर तसं सांगा, कारण समजणाऱ्या भाषेत माहिती देणं ही देणाऱ्याची जबाबदारी आहे. सही केलेल्या फॉर्मची आणि माहितीपत्रकाची प्रत तुमचीच असते. सात वर्षांवरच्या मुलाला त्याच्या भाषेत सांगून त्याचंही मत घ्यावं लागतं, नुसती आईबापांची सही पुरत नाही. अगदी नव्या रेणूच्या औषधाची चाचणी असेल आणि सहभागी लहान मूल असेल, तर संमतीचं दृकश्राव्य रेकॉर्डिंग सक्तीचं आहे. कॅमेरा बघून बिचकू नका, तो तुमच्या बाजूचा साक्षीदार आहे.

मग विचारा. हा नुसता पाहणीचा अभ्यास आहे की औषधाची चाचणी? चालू उपचारातलं काही बंद होणार आहे का? मूल कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठीवर ठरणार का? याचं उत्तर ‘हो’ असेल तर हे मनाशी पक्कं करा की डॉक्टर कितीही ओळखीचे असले तरी गट त्यांच्या हातात नाही. रक्त किती वेळा आणि किती घेणार, गाडीभाडं आणि बुडालेल्या दिवसाचं काय? जनुकाची तपासणी असेल तर त्यातून नातेवाइकांबद्दल काही कळलं तर ते कुणाला सांगणार? चाचणी संपल्यावर औषध लागू पडलं असेल तर ते पुढे कोण देणार? चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि नुकसानभरपाई, हे २०१९ च्या नियमांत आहे, पण फॉर्मवर कुणाचं नाव आणि कोणता फोन नंबर दिला आहे ते बघा. नैतिकता समितीचा नंबरही त्यावर असतो. तो डॉक्टरांचा नसतो, आणि तुम्ही थेट लावू शकता.

चाचणीला सीटीआरआय हा नोंदणी क्रमांक आहे का तेही पाहा. भारतातल्या औषधचाचण्यांची नोंद या सरकारी नोंदवहीत २००९ पासून सक्तीची आहे आणि ती कुणालाही इंटरनेटवर उघडून वाचता येते. क्रमांक टाकला की अभ्यास कुणाचा, पैसा कुणाचा, किती रुग्ण घेणार, मुख्य मोजमाप कोणतं, सगळं दिसतं. क्रमांक सांगायला कुणी टाळाटाळ करत असेल तर सही करू नका. आणि सही केल्यावर महिन्याने वाटलं की नको, तर कारण न देता बाहेर पडता येतं. नेहमीचे उपचार त्यामुळे थांबवता येत नाहीत.

अभ्यासात असा किंवा नसा, सीएएचच्या मुलाच्या घरात एक कागद फ्रिजवर आणि एक शाळेच्या दप्तरात हवाच: आजाराचं नाव, रोजचा डोस, ताप आला तर डॉक्टरांनी ठरवून दिलेला दुप्पट-तिप्पट डोस, आणि उलटीमुळे गोळी पोटात राहत नसेल तर हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन किती द्यायचं ते. चाचणीत भाग घेत असाल तर त्याच कागदावर अभ्यासाचा क्रमांक आणि रात्रीबेरात्री उचलला जाणारा फोन नंबर लिहून घ्या. इमर्जन्सीत गेल्यावर तो कागद आधी पुढे करा, ओळख नंतर सांगा.